कै. गोपाळ नीळकंठ दांडेकर : लेखणीवर जगलेले कादंबरीकार

गोष्ट लिहावयास बसलेला प्रत्येक मुलगा मनातल्या मनात एक प्रश्न विचारीत असतो, की आपणांस लेखक होता येईल काय? त्याच वेळी शेजारच्या खोलीत त्याचे आईबाप दुसराच प्रश्न विचारीत असतात, की लेखक होऊन ह्याचे पोट कसे भरणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दोहोंपैकी एकालाही हसण्यावारी नेऊ नये असे आमचे मत आहे. ज्या गृहस्थांचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत त्यांच्या आयुष्यात ह्या दोन्ही प्रश्नांचा झगडा पुरेपूर झालेला दिसतो. आणि तो पाहण्यास आमच्या वाचकांस फार दूर जावयास नको. लोणावळ्याहून पुण्याकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले म्हणजे मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव ही स्थानके मागे टाकून गाडी तळेगाव दाभाडे येथे येते. ह्याच गावी गोपाळ नीळकंठ दांडेकर, म्हणजे मराठी वाचकांचे गोनीदा आणि परिचितांचे अप्पा, ह्यांनी आपला संसार व आपले लेखन ही दोन्ही मांडली, आणि ह्याच मावळच्या मातीतून मराठी भाषेस दोन अपूर्व कादंबऱ्या दिल्या.

गोपाळरावांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी वऱ्हाडातील परतवाडा ह्या गावी झाला. अमरावती जिल्ह्यातील हे गाव मेळघाटाच्या पायथ्याशी वसलेले आहे. तेव्हा डोंगराची सोबत त्यांस जन्मापासूनच लाभली, असे म्हटल्यास चालेल. त्यांचे शालेय शिक्षण मात्र फार झाले नाही. वयाच्या तेराव्या वर्षी, मराठी सातवीत असता, त्यांनी शाळेस रामराम ठोकला, घर सोडले आणि स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी घेतली. १९३० च्या त्या दिवसांत देशातील हवाच अशी होती, की अनेक ठिकाणची मुले वर्गाबाहेर पडली. पुढे त्यांतील पुष्कळ परत आली, परीक्षा देऊन नोकरीस लागली. गोपाळ परत आला नाही.

येथे आमच्या वाचकांतील पालकांनी कपाळास आठ्या घालू नयेत, व विद्यार्थ्यांनीही डोळे चमकवू नयेत. शाळा सोडल्याने कोणी लेखक होत नाही; तसे असते तर महाराष्ट्रात लेखकांचा सुकाळ झाला असता. शाळा सोडल्यानंतर ह्या मुलाने जे शिक्षण घेतले ते आमच्या कोणत्याही शाळेपेक्षा अधिक कठोर होते, एवढेच ध्यानात घ्यावयाचे.

ह्या शिक्षणातील पहिले मोठे गुरू म्हणजे गाडगे महाराज. अंगावर चिंध्या, एका हाती गाडगे आणि दुसऱ्या हाती खराटा, अशा वेषात हा पुरुष गावोगाव फिरे. दिवसा गावाचे रस्ते झाडावेत आणि रात्री त्याच झाडलेल्या जागी कीर्तन करावे, हा त्यांचा परिपाठ होता. तरुण गोपाळराव त्यांच्या सहवासात आले व त्यांचा संदेश पोहोचविण्याकरिता खेडोपाडी हिंडले. ह्यातून देशसेवा घडली ती घडलीच. परंतु कथालेखनाच्या दृष्टीने ह्या सहवासाचे मोल आम्हांस वेगळेच वाटते. गाडगे महाराजांचे कीर्तन म्हणजे अस्सल वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांशी केलेला संवाद असे. ते श्रोत्यांस प्रश्न विचारीत, त्यांच्याकडून उत्तर काढून घेत, आणि त्या उत्तरावरूनच पुढे जात. हजारो निरक्षर माणसांस रात्रभर एका जागी खिळवून ठेवावयाचे तर शब्द सोपा हवा, दाखला त्यांच्या घरातील हवा, आणि कंटाळा येऊ लागला की गाडी वळविता यावयास हवी. ही विद्या पुस्तकात सापडत नाही. ज्याने ती जवळून पाहिली, त्याच्या लेखनात पुढे कागदाचा वास कमी व माणसांच्या बोलण्याचा नाद अधिक आला, ह्यात नवल ते काय?

परंतु केवळ ऐकीव ज्ञानावर ते थांबले नाहीत. त्यांनी संस्कृत भाषेचा व वेदान्ताचा अभ्यास केला. औंध संस्थानात पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर ह्यांनी स्वाध्याय मंडळाच्या द्वारे वेदवाङ्मयाच्या प्रकाशनाचे कार्य चालविले होते, तेथेही त्यांनी काम केले. मधल्या काळात नर्मदेची परिक्रमा झाली. नर्मदा अमरकंटकापासून भडोचजवळच्या समुद्रापर्यंत सुमारे १३०० किलोमीटर वाहते. परिक्रमा करणाऱ्याने नदी सदैव उजव्या हातास ठेवून, भिक्षेवर निर्वाह करून, एका तीराने जावयाचे व दुसऱ्या तीराने यावयाचे असते. म्हणजे हा प्रवास अडीच हजार किलोमीटरांवर जातो. वाटेत अरण्ये आहेत, आदिवासींच्या वस्त्या आहेत, साधू आहेत व भोंदूही आहेत. ह्या भ्रमंतीचे सोने पुढे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ह्या १९५७ सालच्या कादंबरीत झाले. म्हणजे अनुभव आला आणि लागलीच कागदावर उतरला असे झाले नाही. तो कित्येक वर्षे मनात मुरला. लोणच्यास जसे काही दिवस बरणीत राहू द्यावे लागते, तसेच अनुभवाचे आहे. काल सहलीस गेलो आणि आज कथा लिहिली, अशा घाईने लिहिणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी एवढी गोष्ट तरी मनात धरावी.

घर सोडले तेव्हा तेरा, आणि लेखणी हाच धंदा करावयाचा असा निश्चय केला तेव्हा एकतीस, अशी ही अठरा वर्षे होत. तो निश्चय त्यांनी १९४७ साली केला. येथून पुढे केवळ लेखनावर जगावयाचे. दुसरी चाकरी धरावयाची नाही.

हा निश्चय किती धाडसाचा होता, हे कळण्यास मराठी लेखकांचा प्रपंच कसा चालत असे ते पाहिले पाहिजे. हरिभाऊ आपटे हे आमच्या कादंबरीचे मोठे शिल्पकार. परंतु त्यांच्याकडे पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था होती. वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत १९२० पासून अठरा वर्षे शिक्षक होते. ना. सी. फडके हे प्राध्यापक. श्री. ना. पेंडसे मुंबईच्या ‘बेस्ट’मध्ये नोकरीस आणि व्यंकटेश माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणीवर. खुद्द आमच्या मावळातही एक थोर लेखक होऊन गेले. कामशेत येथे राहून मराठ्यांचा इतिहास लिहिणारे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई ते हेच. परंतु त्यांनी १९२५ साली निवृत्त होण्यापूर्वी बडोदे संस्थानची दीर्घ सेवा केली होती. असे प्रत्येकाच्या पाठीशी काही ना काही होते. गोनीदांच्या पाठीशी पदवी नव्हती, पगार नव्हता आणि निवृत्तिवेतनही नव्हते.

आकडेमोड केल्यावाचून ही गोष्ट मनावर ठसत नाही. समजा, त्या काळी एखाद्या कादंबरीची किंमत तीन रुपये आहे, आवृत्ती एक हजार प्रतींची आहे, आणि लेखकास शेकडा पंधरा ह्या दराने मानधन ठरले आहे. सर्व प्रती खपल्या तर लेखकाच्या हाती साडेचारशे रुपये येतील. आणि आवृत्ती संपावयास दोन वर्षे लागली, तर महिन्याचे एकोणीस रुपयेही पडणार नाहीत. आता ज्या पालकांस वाटते, की आपल्या मुलाने एक उत्तम पुस्तक लिहिले म्हणजे झाले, आणि ज्या पालकांस वाटते, की लेखन म्हणजे निव्वळ भिकेचे डोहाळे, त्या दोघांनीही हा हिशेब पुन्हा एकदा करून पाहावा. एका पुस्तकावर कोणी जगत नाही. परंतु जुनी दहा-वीस पुस्तके पुन:पुन्हा छापली जाऊ लागली, आणि जोडीला नवे लेखन सुरू राहिले, म्हणजे चूल पेटू शकते. ह्याकरिता दोन गोष्टी लागतात. एक, पुष्कळ लिहावे लागते. आणि दुसरी, जुने झाल्यावरही वाचावेसे वाटेल असे लिहावे लागते. ह्यांपैकी पहिली साधली की बहुतेकांची दुसरी सुटते.

गोनीदांनी पहिली तर साधलीच. त्यांच्या लहानमोठ्या पुस्तकांची संख्या शंभराच्या घरात जाते. कादंबऱ्या आहेत, मुलांकरिता लिहिलेली पुस्तके आहेत, चरित्रे आहेत, प्रवासवर्णने आहेत, धार्मिक व पौराणिक ग्रंथांचे सुबोध अवतार आहेत, दुर्गांवरील लेखन आहे. काही विद्वान मंडळी मुलांकरिता लिहिणे किंवा भाविकांकरिता लिहिणे ह्यास खालच्या पायरीचे काम समजतात. गोनीदांनी तसे मानले नाही. आमच्या समजुतीने त्यांच्या चरितार्थाचे रहस्य बरेचसे येथेच आहे. सुताराने केवळ देव्हारेच करीन, पाट करणार नाही, असा हट्ट धरला तर त्याची गिऱ्हाइके थोडी होतील; आणि पाट करता करता हात बसतो तो देव्हाऱ्यासही उपयोगी पडतो. आठ वर्षांच्या मुलास समजेल असे वाक्य लिहिणे हा मोठ्या लेखकासही उत्तम व्यायाम आहे. अशा घरात पैसा नियमाने येत नाही, आणि त्याचा ताण लिहिणाऱ्यापेक्षा घर चालविणारीवर अधिक पडतो, हेही येथे सांगितले पाहिजे. चरित्रकार ते बहुधा सांगावयाचे विसरतात.

दुसरी गोष्ट, म्हणजे टिकाऊ लेखन, त्यांस कसे साधले? येथे आम्ही आमच्या मावळाकडे वळतो.

तळेगावास राहणाऱ्या माणसाच्या भोवती लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग, राजमाची असे गड उभे आहेत. बहुतेक लोक त्यांकडे पाहतात आणि आगगाडी पकडतात. गोनीदांनी सह्याद्रीतील दुर्ग पायांखाली घातले, आणि एकदा नव्हे, पुन:पुन्हा. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन किती तरुण गडांवर जाऊ लागले ह्याची गणती नाही. परंतु गडावर जाणाऱ्या इतर माणसांत व त्यांच्यात एक भेद होता. इतरांस तेथे बुरूज व तोफा दिसत. त्यांस तेथे राहणारी माणसेही दिसत. राजांचे राज्य गेले, पेशवाई बुडाली, गडावरचा दारूगोळा संपला. परंतु गडाच्या पोटाशी राहणाऱ्या घराण्यांचे काय झाले? हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात नाही. तो ज्यास पडला त्यास कादंबरी सापडली.

१९५५ साली प्रसिद्ध झालेली ‘पवनाकाठचा धोंडी’ ही ती कादंबरी होय. पवन मावळात, पवना नदीच्या खोऱ्यावर, तुंग नावाचा सुळक्यासारखा गड आहे; त्यास कठीणगड असेही म्हणतात. त्या गडाची हवालदारी ज्या घराण्याकडे वंशपरंपरेने चालत आली त्यातील धोंडी हा ह्या कथेचा नायक. गडास आता शत्रू नाही, हवालदारास फौज नाही. परंतु मान आहे, आणि तो मान सांभाळणे हेच धोंडीचे आयुष्य आहे. एका बाजूस घराण्याची अब्रू व दुसऱ्या बाजूस भावाची माया, ह्यांच्या ताणातून सर्व कथा उभी राहते. होतकरू लेखकांनी येथे थांबून एक गोष्ट पाहावी. ह्या कथेस पुढे ढकलण्याकरिता लेखकाने बाहेरून दुष्ट सावकार आणला नाही, खून घातला नाही, की शहरातून आलेली मोटारही आणली नाही. दोन चांगली माणसे, दोघांसही आपले म्हणणे खरे वाटते, आणि दोघांचेही एकमेकांवर प्रेम आहे. एवढ्यावर तो कादंबरी पेलतो. आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गोष्टींत तिसऱ्या पानावर कोणीतरी अपघातात मरते, ह्याचे कारण लेखकास आपल्या माणसांचा पुरेसा परिचय नसतो, आणि गोष्ट हलेनाशी झाली म्हणजे तो मोटारीस हाक मारतो. ह्या कादंबरीवरून १९६६ साली त्याच नावाचा चित्रपटही निघाला.

पुढे १९७० च्या आसपास पवनेवर धरण झाले, आणि खोऱ्यातील कित्येक गावांच्या जमिनी व घरे पाण्याखाली गेली. आज तुंगावर उभे राहिले असता खाली जो विस्तीर्ण जलाशय चमकताना दिसतो तो १९५५ साली नव्हता. कादंबरी लिहिताना कोणी दस्तऐवज करण्याच्या हेतूने लिहीत नाही. परंतु त्या खोऱ्यातील बोली, चालीरीती, घराघरांतील मानपान ह्यांपैकी जे पाण्याने व काळाने नेले, त्यातील थोडे ह्या पुस्तकाने राखून ठेवले आहे.

दुसरी मावळी कादंबरी ‘माचीवरला बुधा’ ही १९५८ सालची. लोणावळ्याच्या आमच्या वाचकांस राजमाची नवी नाही. तुंगार्लीच्या बाजूने पंधरा-सोळा किलोमीटर चालत गेले म्हणजे श्रीवर्धन व मनरंजन असे दोन बालेकिल्ले खांद्यास खांदा लावून उभे दिसतात. मध्ये भैरवनाथाचे देऊळ, खाली उधेवाडीची थोडकी घरे, आणि पलीकडे एकदम तुटलेला कडा व त्याखाली उल्हासेचे खोरे. पावसाळ्यात चार महिने येथे ढग घरात शिरतात. अशा ठिकाणी, मुंबईत उमर घालवून परत आलेला बुधा नावाचा एक म्हातारा माणसांपासून दूर राहू लागतो. एक कुत्रा, काही झाडे, पाखरे, खारी, हाच त्याचा संसार. बस्स, कादंबरीत ह्याहून अधिक जवळजवळ काहीच घडत नाही.

मग पाने भरली कशी, असे कोणी विचारील. हाच ह्या पुस्तकाचा धडा आहे. ज्या कथेत माणूस एकटा आहे तेथे ऋतू हेच दुसरे पात्र होते. उन्हाळ्यात पाणी कोठे आटते, वळीव कोणत्या बाजूने येतो, कोणत्या झाडास केव्हा मोहोर येतो, थंडीत जनावर कोठे अंग चोरून बसते, हे सर्व ज्यास ठाऊक आहे त्यास प्रसंगांची वाण पडत नाही. परंतु ते ठाऊक असावे लागते. ‘एक सुंदर पक्षी एका मोठ्या झाडावर बसला होता’ असे लिहिणाऱ्यास पक्ष्याचे नाव माहीत नसते आणि झाडाचेही नसते. आमच्या मावळातील मुलांस हिरडा, अंजन, जांभूळ, करवंद, कारवी ही नावे आजोबांकडून फुकट मिळतात. ती लिहिताना मात्र त्यांस लाज वाटते आणि ती गुलमोहर लिहितात. बुधाचा शेवट काय झाला ते आम्ही येथे मुद्दामच सांगत नाही.

ह्याच सुमारास गोनीदांनी इतर प्रदेशांवरही कादंबऱ्या लिहिल्या, आणि प्रत्येक प्रदेशाची बोली त्यांनी वेगळी ठेवली. ‘शितू’ आणि ‘पडघवली’ कोकणातील आहेत; ‘पूर्णामायची लेकरं’ वऱ्हाडी बोलीत आहे; ‘मृण्मयी’ची नायिका विदर्भातून कोकणात येते. बोली म्हणजे प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ जोडणे असा पुष्कळांचा समज असतो. गोनीदांच्या लेखनात बोली ही माणसाच्या विचाराची रीत म्हणून येते. ‘पडघवली’ची कथा त्यांनी स्वत: सांगितली नाही, ती अंबूवहिनी ह्या घरातल्या बाईच्या तोंडून सांगविली आहे. कोकणातील एक नांदते गाव हळूहळू ओस पडत जाते, हा तिचा विषय. एखाद्या लेखकाने दूर उभे राहून हे सांगितले असते तर ते अर्थशास्त्राचे प्रकरण झाले असते. अंबूवहिनी सांगू लागते तेव्हा तेच अंगण, तीच विहीर, तोच सण पोरका झालेला दिसतो. गोष्ट काय आहे ह्याइतकेच ती कोणी सांगावी ह्यालाही महत्त्व आहे, आणि हे लेखणी उचलण्यापूर्वीच ठरवावे लागते.

१९६५ सालची ‘जैत रे जैत’ ही ठाकर समाजावरील कादंबरी तर चित्रपटामुळे सर्वांस ठाऊक आहे. जब्बार पटेल ह्यांनी १९७७ साली तो काढला. भगताचा मुलगा नाग्या, त्याची चिंधी, आणि लिंगोबाच्या डोंगरावरील मधाची पोळी उतरविण्याचा त्याचा हट्ट, एवढेच कथानक. राणीमाशीने डोळा नेला म्हणून तिच्याशी वैर धरणारा माणूस शहरात हास्यास्पद ठरेल. ठाकरवाडीत तो शोकान्त नायक होतो. ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ ह्या कादंबरीचा विषय आणखी निराळा, म्हणजे सतलजेवरील भाक्रा धरणाची उभारणी. विषय घरापासून कितीही दूर असो, जागा पाहावयाची व माणसे ऐकावयाची, ही त्यांची रीत होती.

त्यांच्या लेखनात दोष नाहीत असे नाही. त्यांची साधीभोळी माणसे कधी कधी फारच निर्मळ होतात. खेड्यातील जातिभेदाचा, दारिद्र्याचा व कुरूपतेचा काच काही ठिकाणी डोंगराच्या शोभेआड लपतो, असे आम्हांस वाटते. भावनेचा पूर आला म्हणजे ते त्यास बांध घालीत नाहीत. इतके पुष्कळ लिहिणाऱ्याचे सर्वच लेखन सारख्या तोलाचे असणे शक्यही नाही. ज्याने पोटाकरिता लिहिले त्याच्याविषयी हे ध्यानात ठेवून न्याय करावा, आणि न्याय केल्यावरही त्याच्या उत्तम पुस्तकांवरून त्याची उंची मोजावी.

शिवकालावर त्यांनी ‘बया दार उघड’, ‘हरहर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’ व ‘हे तो श्रींची इच्छा’ अशा पाच कादंबऱ्या लिहिल्या. ज्या गडावर लेखक स्वत: रात्री राहिला आहे, त्या गडावरून सांडणीस्वार किती वेळात खाली उतरेल, हे त्यास कोणास विचारावे लागत नाही. संतांवरील त्यांच्या कादंबऱ्यांतही मावळच्या वाचकांस घरची खूण सापडेल. इंद्रायणी लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावते, तळेगावाजवळून वाहते, पुढे देहूस आणि मग आळंदीस जाते. देहूच्या तुकोबांवर ‘तुका आकाशाएवढा’ आणि आळंदीच्या ज्ञानदेवांवर ‘मोगरा फुलला’ ही पुस्तके त्या एकाच प्रवाहाच्या काठची आहेत. समर्थांवर ‘दास डोंगरी राहतो’ आणि ज्यांच्या मागून ते तरुणपणी हिंडले त्या गाडगे महाराजांवर ‘देवकीनंदन गोपाला’ हे लिहून त्यांनी गुरूचे ऋणही फेडले.

मान मिळावयास बराच वेळ लागला, परंतु तो मिळाला. आपल्या पूर्वायुष्यावर त्यांनी लिहिलेल्या ‘स्मरणगाथा’ ह्या ग्रंथास १९७६ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले. १९८१ साली अकोला येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. अकोला हे वऱ्हाडातच आहे. ज्या प्रांतातून हा मुलगा सातवीची पाटी टाकून निघाला होता, त्याच प्रांतात, पन्नास वर्षांनंतर, मराठीतील सर्व विद्वान व्यासपीठाखाली बसले आणि हा व्यासपीठावर. त्या दिवशी त्यांच्या शिक्षणाची चौकशी कोणी केली असेल असे आम्हांस वाटत नाही. १ जून १९९८ रोजी, वयाची ब्याऐंशी वर्षे पुरी होण्यास थोडे दिवस उरले असता, त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या कादंबऱ्यांच्या जाहीर वाचनाचा उपक्रम त्यांच्या हयातीतच सुरू झाला, व त्यांच्या कन्या डॉ. वीणा देव आणि कुटुंबीय ह्यांनी तो पुढे अनेक वर्षे चालविला. रंगभूषा नाही, पडदा नाही, हाती पुस्तक धरून तीन-चार माणसे वाचतात आणि सभागृह ऐकते. लिहिलेले वाक्य मोठ्याने वाचून पाहण्याची ही कसोटी घरबसल्याही घेता येते, आणि तीस पैसा पडत नाही. वाचताना जीभ जेथे अडखळते तेथे लेखणी अडखळलेली असते. आणि ऐकणारी धाकटी बहीण जेथे उठून जाते, तेथील परिच्छेद बहुधा काढून टाकण्याजोगा असतो.

ज्या विद्यार्थ्यांस ह्या सुटीत गोनीदा वाचावयाचे असतील त्यांनी आरंभ ‘माचीवरला बुधा’ने करावा, ते लहान आहे, व त्यातील वाटा तुमच्या पायांच्या ओळखीच्या आहेत. त्यानंतर ‘पवनाकाठचा धोंडी’ घ्यावे. मोठ्या वर्गातील मुलामुलींनी ‘पडघवली’ वाचावी आणि अंबूवहिनीच्या बोलण्यातील जे शब्द कळणार नाहीत त्यांची यादी करून घरातील वडील माणसांस विचारावी. ‘स्मरणगाथा’ पालकांनी आधी वाचावी, आणि मग मुलांच्या हाती द्यावी. राजमाचीस जावयाचे असल्यास पावसाळा सरल्यावर, वडील माणसांसोबत, सकाळी लवकर निघावे. वाटेत पाणी थोडे आहे.